पिक्चर ट्यूबची उधारी

गेमिंग मॉनिटरच्या खोक्यावर दोन आकडे सगळ्यात मोठ्या अक्षरांत छापलेले असतात. एक हर्ट्झचा आणि एक मिलिसेकंदाचा. १८० हर्ट्झ, १ मिलिसेकंद. नाशिकात कॅनडा कॉर्नरला जा, एम. जी. रोडला जा, नाहीतर घरबसल्या ऑनलाइन बघा. दहा हजारांचं खोकं असो की पंचवीस हजारांचं, आकडे साधारण हेच. मग पैसे नक्की कशाचे? भाच्याने हे विचारलं तेव्हा एखादं मॉडेल सांगून मोकळं होता आलं असतं. पण "हे असं का?" याचा छडा लावल्याशिवाय आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना चैन पडत नाही. आणि हा छडा लावत गेलं की माणूस चक्क पैठण रोडवरच्या चितेगावात पोचतो. पण ते जरा नंतर.

तर मंडळी, आधी ट्यूब. १८९७ साली जर्मनीत फर्डिनांड ब्राऊनने कॅथोड रे ट्यूब बनवली. १९५८ साली अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबोथमने ऑसिलोस्कोपच्या अशाच छोट्या गोल काचेवर टेनिसचा खेळ करून दाखवला. म्हणजे त्याला जगातला पहिला गेमिंग मॉनिटर म्हणायला माझी हरकत नाही! या ट्यूबची खासियत अशी की इलेक्ट्रॉनचा झोत पडद्यावर आदळला की तो ठिपका क्षणभर लखकन चमकतो आणि विझतो. सिग्नल आला की चित्र उमटलं, मध्ये थांबणं नाही.

लहानपणी टीव्हीला व्हिडिओ गेम जोडून बंदुकीने बदकं मारलीत ना? ती बंदूक गोळी झाडत नव्हती, ती पाहत होती. चाप ओढला की पडदा निमिषभर काळा व्हायचा, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकायचा, आणि नळीतल्या सेन्सरला तो दिसला की बदक मेलं. तीच बंदूक आजच्या एलसीडी टीव्हीसमोर धरा, एकही बदक पडणार नाही. कारण चित्र यायला जो उशीर लागतो तो त्या बिचारीच्या हिशोबातच नाही.

सायबर कॅफेत काउंटर-स्ट्राइक खेळलेल्यांना ढेरपोट्या १७ इंची मॉनिटरची आठवण असेलच. जाणकार पोरं बसल्या बसल्या आधी सेटिंगमध्ये जाऊन ६० चं ८५ हर्ट्झ करायची, कारण ६० वर डोळे चुरचुरायचे. पण ६० वरसुद्धा पळणारा माणूस स्पष्ट दिसायचा, फराटा नाही.

एलसीडीचा जन्मही तसा जुनाच. १९६८ साली अमेरिकेच्या आरसीए कंपनीत जॉर्ज हाइलमायरच्या चमूने लिक्विड क्रिस्टलचा पडदा जगाला दाखवला. कंपनीला त्यात फारसा रस वाटला नाही, कारण तिचा जीव ट्यूबमध्ये अडकलेला. तिथलाच वोल्फगांग हेलफ्रिश स्वित्झर्लंडला गेला आणि १९७० साली मार्टिन शाट याच्याबरोबर त्याने टीएन प्रकारचा पडदा शोधला. घड्याळं, कॅल्क्युलेटर आणि पुढे स्वस्त मॉनिटर यावरच चालले. टीएनला बाजूने पाहिलं की रंग उडतात. त्यावर १९९० च्या दशकात हिताचीने आयपीएस आणि फुजित्सूने व्हीए असे उपाय आणले. ही तीन नावं लक्षात ठेवा, खरेदीच्या वेळी लागतील.

पण दुखणं वेगळंच होतं. एलसीडीचा ठिपका लखलखून विझत नाही, पुढची फ्रेम येईपर्यंत तसाच धरून बसतो. ६० हर्ट्झला म्हणजे १६.७ मिलिसेकंद. तेवढ्यात आपली नजर हलणाऱ्या वस्तूमागे पुढे सरकलेली असते, आणि फराटा दिसतो. वर ते क्रिस्टलही हळूहळू वळणारे. तरी एलसीडीच जिंकला. आपल्याकडे त्याला टेबलावरच्या जागेइतकंच एक मराठी कारण होतं असं माझं मत आहे: लोडशेडिंग. जाड मॉनिटर खायचा शंभर वॅटच्या आगेमागे, सपाट त्याच्या निम्म्याहून कमी. इन्व्हर्टरवर दिवस काढणाऱ्याने फराटे मोजायचे की बॅटरी?

आता चितेगाव. व्हिडिओकॉन ही औरंगाबादची (आताच्या छत्रपती संभाजीनगरची) धूत मंडळींची कंपनी. १९८२ साली एशियाडच्या निमित्ताने देशात रंगीत टीव्ही आला, आणि त्याच दशकात व्हिडिओकॉनचे टीव्ही घरोघर गेले. चितेगावचा कारखाना त्यांचाच. या कंपनीने २००५ मध्ये फ्रान्सच्या थॉमसनचा पिक्चर ट्यूबचा धंदा विकत घेतला. सुमारे २४ कोटी युरोंना! इटली, पोलंड, मेक्सिको, चीन इथले कारखाने मराठवाड्यातल्या कंपनीच्या हाताखाली आले. आणि गंमत बघा, थॉमसनकडे १९८७ मध्ये आरसीएचाच टीव्हीचा धंदा आला होता. म्हणजे ज्या घराने एलसीडी जन्माला घालून वाऱ्यावर सोडला, त्याच घराण्याची ट्यूब शेवटी आपल्याकडे आली.

आज यावर हसणं सोपं आहे. मला तरी हसू येत नाही. २००५ साली एलसीडी टीव्ही मध्यमवर्गाच्या आवाक्याबाहेर होता, आपल्याकडे खपत होती ती ट्यूबच, आणि हलत्या चित्रासाठी ती खरोखर सरस होती. इंजिनिअर म्हणून विचाराल तर माल चोख होता. चुकला तो वेळेचा हिशोब. २००७ च्या शेवटच्या तिमाहीत जगभरात एलसीडी टीव्हींची संख्या ट्यूबच्या पुढे गेली. २००८ मध्ये सोनीने ट्रिनिट्रॉन बनवणं थांबवलं. इटलीतल्या अनान्यीचा कारखाना २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेला. २०१८ मध्ये खुद्द व्हिडिओकॉन दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. त्याला टेलिकॉम, तेल, कर्ज अशी इतर कारणंही होती, सगळं ट्यूबच्या माथी मारणं बरोबर नाही. पण चितेगाव आणि आसपासच्या कामगारांना कारणांच्या यादीने काय फरक पडणार होता? असो.

ट्यूब गेली आणि तिची उधारी एलसीडीच्या माथी आली. २००९ मध्ये १२० हर्ट्झचे मॉनिटर आले, २०१२-१३ च्या सुमारास १४४ चे. १४४ ला एक फ्रेम ६.९ मिलिसेकंद टिकते, १८० ला ५.६. म्हणजे खोक्यावरचा हर्ट्झचा आकडा हा त्या उधारीचा हप्ता आहे. ६० वरून १४४ ला गेलात तर फरक आंधळ्यालाही दिसेल, १८० वरून २४० ला गेलात तर पाकिटाला जास्त दिसेल.

स्वस्ताईला मात्र जानेवारी २०१९ हा महिना कारण झाला. १ तारखेपासून ३२ इंचांपर्यंतच्या मॉनिटरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. (त्याहून मोठ्यांना सप्टेंबर २०२५ पर्यंत थांबावं लागलं.) त्याच महिन्यात एनव्हिडियाने आपली ग्राफिक्स कार्डं साध्या अ‍ॅडाप्टिव्ह सिंक मॉनिटरवर चालू दिली. तोवर चित्र फाटू नये म्हणून जी-सिंकचं महागडं मॉड्यूल असलेलाच मॉनिटर घ्यावा लागे.

म्हणून भाच्याला सांगितलं ते असं. दहा-बारा हजारांत २४ इंची, फुल एचडी, आयपीएस, १४४ ते १८० हर्ट्झ, अ‍ॅडाप्टिव्ह सिंकवाला घे. अंधाऱ्या खोलीत सिनेमेच बघायचे असतील तर व्हीए, त्याचा काळा रंग खरा काळा असतो, पण स्वस्त व्हीएवर अंधारातल्या हालचालीत फराटे ठरलेले. २७ इंच हवा असेल तर फुल एचडी घेऊ नकोस, ठिपके मोजता येतील; १४४० चा घे, पण तेवढं ओढणारं कार्ड आहे का ते आधी बघ. "१ मिलिसेकंद" हा आकडा ओव्हरड्राइव्ह टोकाला नेऊन मिळवलेला असतो. त्या सेटिंगवर वस्तूमागे पांढुरकी सावली दिसते, तेव्हा मधलं सेटिंग ठेव. एचडीआर ४०० च्या स्टिकरसाठी जादा पैसे देऊ नकोस. उंची खालीवर होणारा स्टँड मिळाला तर त्यासाठी हजारभर जास्त दे. मृत ठिपका निघाला तर बदलून देणार का, हे बिलाआधी विचार.

आणि घरी आल्यावर डिस्प्लेपोर्टची केबल लावून विंडोजच्या सेटिंगमध्ये जा. १८० चा मॉनिटर पुष्कळदा मुकाट्याने ६० वरच चालू होतो, आणि कित्येक जण तो वर्षभर तसाच वापरतात.