मुंगीचा फोटो आणि साडेतीनशे वर्षे

आपल्या सोसायटीचा इतिहास म्हटला की भूखंड, कर्ज, पहिली कमिटी, बोअरचे पाणी आणि बंद पडणारी लिफ्ट हे विषय निघणारच. त्यावर या स्मरणिकेत इतरांनी लिहिले आहे. मी जरा वेगळ्या रहिवाशांबद्दल लिहितो. मागच्या कंपाउंडलगत दहा फूट रुंदीची मातीची पट्टी आहे, तिथे एक लिंबू, दोन कढीपत्ते आणि कुणीही न लावलेली रुई आहे. त्यांच्यावर राहणारे मेंटेनन्स भरत नाहीत, सर्वसाधारण सभेलाही येत नाहीत. त्यांचे फोटो मी गेली बारा वर्षे काढतो आहे. "काका, मुंगीचा कसला फोटो काढताय?" असे मुले विचारतात, आणि मोठी माणसे न विचारता तेच मनात म्हणतात. त्याचे उत्तर जिन्यात उभ्याउभ्या देता येत नाही, म्हणून हा लेख.

बारक्या जिवाकडे निरखून पाहण्याचा इतिहास म्हणजे मुळात तो जीव स्थिर कसा ठेवायचा याचा इतिहास आहे. लंडनच्या रॉबर्ट हूक या शास्त्रज्ञाने १६६५ साली 'मायक्रोग्राफिया' हे पुस्तक काढले. सूक्ष्मदर्शकातून पाहून काढलेली चित्रे त्यात होती. पिसवेचे चित्र तर जवळजवळ दीड फूट लांबीचे, घडी उलगडून पाहायचे. पण मुंगीने हूकसाहेबांना फार छळले. पाय चिकटवून ठेवावेत तर अंग वेडेवाकडे करी, मारावी तर आकार बिघडे. शेवटी त्यांनी तिला चक्क ब्रँडी पाजली. मुंगी बेशुद्ध पडली, चित्र झाले, आणि तासाभराने शुद्धीवर येऊन ती चालती झाली. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे.

सगळ्यांचे नशीब त्या मुंगीसारखे नव्हते. पुढची दोन-अडीचशे वर्षे कीटक ओळखायचा म्हणजे पकडायचा, मारायचा, टाचणीवर लावायचा आणि पेटीत ठेवायचा, हीच रीत. अपवाद होते. मारिया सिबिला मेरियन ही जर्मन चित्रकार १६९९ साली सुरीनामला गेली आणि सुरवंट, कोष, फुलपाखरू आणि त्यांची खायची झाडे अशी एकत्र चित्रे तिने काढली. आपल्या बाजूला कारवारला टी. आर. बेल नावाचे जंगल अधिकारी होते. ते सुरवंट पाळून, वाढवून, कोणता सुरवंट कोणत्या झाडावर जगतो याची नोंद ठेवत. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांची लेखमाला १९०९ पासून पुढे कित्येक वर्षे चालली. फुलपाखरू हवे असेल तर आधी त्याचे झाड हवे, हे त्या नोंदी पाहिल्या की डोक्यात पक्के बसते. हा मुद्दा लक्षात असू द्या, शेवटी लागणार आहे.

मग कॅमेरा आला. १९०३ साली लंडनच्या अल्हाम्ब्रा नाट्यगृहात चार्ल्स अर्बन यांच्या कंपनीने चीजमधले किडे पडद्यावर दाखवले. एक गृहस्थ जेवता जेवता भिंग काढून चीजकडे पाहतो आणि त्याला वळवळणारे अष्टपाद दिसतात. नंतर किती जणांनी चीज खाल्ले असेल देव जाणे, पण लोक तिकीट काढून पाहायला आले. जिवंत, हलणारा बारका जीव हजार माणसांना एकदम दिसला, ही गोष्ट नवीनच होती.

आपल्याकडेही सुरुवात बारक्या जिवापासूनच झाली हे फार जणांना माहीत नसते. दादासाहेब फाळके १९१२ मध्ये विलायतेहून कॅमेरा घेऊन आले. पैसे लावणाऱ्यांना पटवण्यासाठी त्यांनी आधी देवदेवता नाही, वाटाण्याचे रोप दाखवले. कुंडीतल्या रोपाची रोज एकेक चौकट, महिनाभराहून जास्त दिवस. पडद्यावर मिनिटभरात अंकुर फुटून वाढताना दिसला आणि भांडवलाची सोय झाली. 'राजा हरिश्चंद्र' त्यानंतरचा, १९१३ चा. म्हणजे मराठी माणसाच्या चित्रपटधंद्याला पहिले तारण दिले ते एका वाटाण्याने. बँकेत इतकी वर्षे काढली, इतके हलके तारण मी पाहिलेले नाही!

कोल्हापूरने यात काय केले? कलामहर्षी बाबूराव पेंटरांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून १९१८ साली इथेच कॅमेरा बनवला. खरी कॉर्नरचा कॅमेरा मानस्तंभ आपण येता-जाता पाहतोच. त्या कॅमेऱ्याने किडे टिपले नाहीत, तो त्यांचा विषयच नव्हता. पण विलायती वस्तू परवडत नसेल तर लेथवर बनवून घ्यायची, ही या गावाची खोड तिथूनच असावी. माझी 'एक्स्टेन्शन ट्यूब' अशीच शिवाजी उद्यमनगरात बनली. ही म्हणजे नुसती पोकळ नळी, आत काच नाही. भिंग फिल्मपासून जितके लांब न्यावे तितकी प्रतिमा मोठी होते आणि उजेड तितका कमी होतो, एवढेच तिचे शास्त्र. मुंगी जेवढी आहे तेवढीच फिल्मवर उमटली की त्याला मॅक्रो म्हणायचे. इतक्या जवळ गेल्यावर स्पष्ट दिसणारी जाडी जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटर उरते. डोळे नीट आले तर पाय धूसर, आणि वारा आला तर सगळेच धूसर.

खास जवळच्या फोटोसाठी केलेली भिंगे किलफिट या जर्मन कारागिराने १९५५ मध्ये बाजारात आणली. पुढच्याच वर्षी जपानच्या निकॉनने आपले 'मायक्रो' भिंग काढले. ते मात्र किड्यांसाठी नव्हते हो, कागदांसाठी होते! मायक्रोफिल्मवर जपानी लिपीची दाट अक्षरे वाचता यावीत म्हणून. त्या मायक्रोफिल्मचा जम तरी कुठे बसला? बँकेत. न्यूयॉर्कच्या जॉर्ज मॅकार्थी या बँकवाल्याने चेकची नक्कल फिल्मवर उतरवण्याचे यंत्र काढले आणि १९२८ मध्ये कोडॅकने त्याचा धंदा सुरू केला. चेकच्या बंदोबस्तासाठी वाढलेली विद्या फुलपाखराच्या पंखापर्यंत पोहोचली, याचे मला आमच्या खात्यातला माणूस म्हणून जरा जास्तच कौतुक आहे.

रोलच्या काळात छत्तीस फोटोंतले दोन बरे यायचे आणि ते कळायला आठ दिवस लागायचे. पगारदार माणसाला न परवडणारी हौस. डिजिटल आले आणि फसलेल्या फोटोचा खर्च शून्य झाला. मोबाईलला चिमट्याने लावायचे भिंग तर आता कॉलेजची पोरेही वापरतात. याचा परिणाम नुसता चित्रांवर झाला नाही. आयझॅक किहिमकर यांचे भारतीय फुलपाखरांवरचे पुस्तक २००८ साली आले, त्यात पेटीतली नाही तर झाडाझुडपांवरची जिवंत फुलपाखरे आहेत. आज तारीख आणि ठिकाण लिहिलेला स्पष्ट फोटो ही अभ्यासकांच्या दृष्टीने नोंद ठरते. अर्थात सगळे काम फोटोने भागत नाही. २००९ साली वरद गिरी आणि सहकाऱ्यांनी आपल्या जिल्ह्यातल्या एका छोट्या पालीला कोल्हापूरचे नाव दिले, 'निमास्पिस कोल्हापुरेन्सिस'. नवी जात सिद्ध करायला तिचे नमुने हातात घेऊन, खवले मोजूनच पाहावे लागते.

पण जे आहे ते नीट दिसण्यासाठी फोटो पुरतो. कढीपत्त्यावर काळ्या मुंग्यांची रांग होती. घरी येऊन फोटो मोठा करून पाहिला तर एकीला आठ पाय. तो मुंगीचे सोंग घेतलेला कोळी होता. पुढचे दोन पाय वर धरून मिशांसारखे हलवत होता. सह्या ताडून पाहण्यात उमेदीची वर्षे गेली, पण इतकी बेमालूम नक्कल काउंटरवर कधी आली नव्हती. मृगाच्या पहिल्या पावसात निघणारा लाल मखमली किडाही आठ पायांचा, कोळ्याच्या भाऊबंदांतला. लहानपणी तळहातावर घेतला होता, पण पाय मोजायचे सुचले नव्हते.

या छंदाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. काहीजण किडा फ्रीजमध्ये ठेवून गारठवतात आणि मग त्याचा 'नैसर्गिक' फोटो काढतात. हूकची ब्रँडी गेली, फ्रीज आला. राधानगरीच्या काजव्यांचे फोटो आपण सर्वांनी पाहिले आहेत. झाड न् झाड लखलखते. पण त्यातले बरेच फोटो कितीतरी वेळ टिपलेल्या अनेक चौकटी एकावर एक चढवून केलेले असतात. डोळ्यांना एका वेळी इतके काजवे दिसत नाहीत. ते फोटो पाहून गर्दी जाते, टॉर्च आणि हेडलाइट लागतात. काजव्याचा उजेड म्हणजे नराने मादीला घातलेली साद. आपल्या उजेडात ती पोहोचत नाही. तिथे जाऊ नये असे मी म्हणत नाही. जावे, आणि अंधारात बसावे.

आता मागच्या पट्टीकडे. तिथे पेव्हिंग ब्लॉक बसवून पार्किंग करण्याचा विषय पुढच्या सर्वसाधारण सभेत येणार आहे. गाड्या वाढल्या आहेत, रात्री उशिरा येणाऱ्याला जागा मिळत नाही, ही अडचण खरी आहे आणि मी ती नाकारत नाही. पण आपण काय काढतो आहोत ते इतिवृत्तात तरी यावे. लिंबावर निलवंताच्या अळ्या असतात. २०१५ साली महाराष्ट्राने राज्य फुलपाखरू म्हणून घोषित केलेले तेच हे फुलपाखरू. लहानपणी ती अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. मोठी झाली की हिरवी होते. तिच्या नातलग अळ्या कढीपत्त्यावर सापडतात, डिवचले की डोक्यामागून शिंग काढून वास सोडतात. रुईवर पट्टेदार सुरवंट. रुई काढली की ते दुसऱ्या झाडावर जातील असे वाटते ना? जात नाहीत. त्यांना तेच झाड लागते. बेलसाहेबांनी शंभर वर्षांपूर्वी जे टिपून ठेवले ते हेच.

माझी सूचना एवढीच की भिंतीलगतची तीन फूट माती आणि तिथली झाडे ठेवावीत, उरलेल्या सात फुटांत दुचाकी आरामात बसतात. मोजमाप घेऊन नकाशा सेक्रेटरींकडे दिला आहे. सोबत फोटोंचे तीन अल्बम ऑफिसच्या कपाटात ठेवले आहेत. प्रत्येक फोटोच्या मागे तारीख, वेळ आणि झाड लिहिले आहे. सभेआधी रोज संध्याकाळी सहा ते सात मी ऑफिसात असेन. ज्यांच्या मोबाईलमध्ये या आवारातल्या किड्याचा, कोळ्याचा किंवा पालीचा जुना फोटो असेल त्यांनी तो तारखेसह आणून द्यावा, चौथ्या अल्बमात जागा आहे.