दगडाचें सोंग घेणारी वनस्पति

इ. स. १८११ च्या सप्टेंबर महिन्यांतील गोष्ट. दक्षिण आफ्रिकेच्या अंतर्भागांत, आज जेथें प्रीस्का हें गांव आहे त्या बाजूच्या खडकाळ माळावरून, विल्यम जॉन बर्चेल नांवाचा एक इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ बैलगाडीनें प्रवास करीत चालला होता. त्याचे वडील लंडननजीक फुलॅम येथें रोपांचा व्यवसाय करीत. तेव्हां झाडापानांची पारख त्याच्या अंगांत लहानपणापासूनच मुरलेली. तरीहि त्या दिवशीं त्याची फसगत झाली. चमत्कारिक आकाराचा गोटा म्हणून त्यानें जो जमिनीवरून उचलला, तो गोटा नव्हता. ती एक जिवंत वनस्पति होती! रंग, रूप, घडण, सारें आजूबाजूच्या दगडांसारखें. गुरांच्या व रानांतील जनावरांच्या नजरेंतून सुटावें म्हणूनच निसर्गानें तिला हें रूप दिलें असावें, असें त्यानें आपल्या प्रवासवर्णनांत लिहून ठेविलें. त्याचा पहिला खंड १८२२ सालीं निघाला. डार्विनच्या सुप्रसिद्ध ग्रंथाला त्या वेळीं अद्याप ३७ वर्षें अवकाश होता.

हॉवर्थ या वनस्पतिशास्त्रज्ञानें १८२१ सालीं बर्चेलच्या वनस्पतीचें बारसें केलें खरें. पण त्यानंतर जवळजवळ एक शतक नांव आहे आणि झाड नाहीं, अशीच स्थिति राहिली. १९१८ सालीं पोल एव्हन्स यांना तें प्रीस्काच्या परिसरांत पुन्हां सांपडलें. मध्यंतरीं व्हेरीनिगिंग येथील लेस्ली नामक गृहस्थांस त्याचें एक भावंड आढळलें होतें, व क्यू येथील वनस्पतिसंग्रहांत काम करणाऱ्या निकोलस एडवर्ड ब्राउन यांनीं १९१२ सालीं त्याला लेस्लींचेंच नांव दिलें होतें. हे ब्राउन मोठे चिकाटीचे. सत्तरी उलटल्यावर, १९२२ सालीं, त्यांनीं या दगडी कुटुंबाची निराळी प्रजाति मानली आणि तिला 'लिथॉप्स' म्हटलें. ग्रीक भाषेंत 'लिथॉस' म्हणजे दगड व 'ऑप्स' म्हणजे चेहरा. संस्कृतांत 'अश्ममुखी' म्हणतां आलें असतें.

नांव चेहऱ्यावरून पडलें, परंतु खरी मौज आंत आहे. एकमेकांस चिकटलेलीं दोन जाड, मांसल पानें, त्यांच्यामध्यें एक चीर आणि खालीं मूळ. एवढाच या झाडाचा संसार. रानांत पानांचा बहुतेक भाग मातींत पुरलेला असतो व माथा तेवढा वर दिसतो. मग त्याला उजेड मिळावा कोठून? तर माथ्यावरची त्वचा जागोजाग अर्धपारदर्शक असते. अंधाऱ्या माजघराच्या छपराला काचेचें कौल बसवावें तशी ही योजना! त्या वाटेनें उजेड आंत उतरतो आणि पानाच्या आंतल्या हिरव्या पेशींपर्यंत पोहोंचतो. शरद ऋतूंत चिरेंतून पांढरें किंवा पिवळें फूल वर येतें. फूल सरलें म्हणजे त्याच चिरेच्या आंत पानांची नवी जोडी वाढूं लागते. ती बाहेरचें पाणी मागत नाहीं. जुन्या जोडीच्या अंगचा ओलावा शोषून घेते. जुनीं पानें सुरकुततात, पातळ होत जातात, अखेर त्यांचें कागदासारखें साल उरतें, आणि त्यांतून नवी जोडी डोकें वर काढते.

कुंडींत हें झाड वाढवूं पाहणाऱ्यांची गाडी अडली ती नेमकी येथें. सुरकुतलेलें पान दिसलें कीं झाड तहानलें असें वाटतें, आणि दयाळू माणूस पाणी घालतो. मग जुनीं पानें पुन्हां फुगतात, नवी जोडी त्यांच्या आंत कोंडते, आणि पुष्कळदां सगळेंच कुजून जातें. झाड कोणत्या देशाचें हें कळून भागत नसे; त्याच्या गांवीं पाऊस केव्हां पडतो हेंहि कळावें लागे. कुर्ट डिंटर हे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आजच्या नामिबियांत वर्षानुवर्षें हिंडले व त्यांनीं अशीं पुष्कळ झाडें उजेडांत आणलीं. त्यांचे मित्र गुस्टाव श्वांटेस पेशानें पुरातत्त्वज्ञ. पण जुनीं दगडी हत्यारें पाहणाऱ्या या माणसाला जिवंत दगडांचाहि तितकाच नाद. १९२६ सालीं त्यांनीं अशाच एका दगडी प्रजातीला डिंटर यांचें नांव दिलें.

आज जी रीत रूढ आहे ती थोडक्यांत अशी: खोलगट कुंडी, खडे-वाळू मिसळलेली व पाणी चटकन् निथळून जाणारी माती, भरपूर ऊन, आणि फूल येऊन गेल्यावर जुनी जोडी पुरती वाळेपर्यंत पाणी जवळजवळ बंद. महाराष्ट्रांत ज्यांनीं हीं झाडें ठेविलीं आहेत त्यांना पावसाळ्यांत कुंड्या आडोशाला घ्याव्या लागतात, हें निराळें सांगावयास नको.

यापुढील मोठें काम केलें तें एका भाषापंडितानें. डेसमंड कोल हे विटवॉटर्सरँड विद्यापीठांत बांटू भाषांचे प्राध्यापक. त्स्वाना भाषेचें त्यांचें व्याकरण १९५५ सालीं प्रसिद्ध झालें. पत्नी नॉरीन यांच्यासह त्यांनीं लिथॉप्सच्या सुमारें चारशें वस्त्या हिंडून नोंदविल्या आणि प्रत्येकीस क्रमांक दिला. त्यांचा ग्रंथ १९८८ सालीं निघाला. आजहि बियांच्या पुडीवर कोल यांचा क्रमांक असला म्हणजे जाणत्या माणसास त्या झाडाचें कूळ कळतें.

कूळ कळणें ही येथें नुसती हौस नव्हे. २०१९ पासून दक्षिण आफ्रिकेंत अशा वनस्पतींच्या चोरीनें फार जोर धरला. लिथॉप्सच्याच गोत्रांतील चिमुकल्या कोनोफायटमला तिचा सर्वांत मोठा तडाखा बसला. रानांतून उपटलेलीं लाखों झाडें पकडलीं गेलीं. यांपैकीं कांहीं जातींचें सारें वास्तव्य एकाद्या टेकडीपुरतें असतें. दोन-चार रात्रींत ती टेकडी ओसाड होऊं शकते. उपटलेल्या झाडांना ऊन-वाऱ्याचे ओरखडे असतात, आकारहि वेडावांकडा. बियांपासून वाढविलेलीं झाडें बहुधा स्वच्छ व एकसारखीं दिसतात. घेणाऱ्यानें एवढें तरी निरखून पाहावें.

बियांपासून झाड करणें अवघड नाहीं, मात्र वेळ लागतो. फूल दिसावयास साधारण तीन-चार वर्षें. बीं धरावयास एकाच जातीचीं दोन निरनिराळीं झाडें एकाच वेळीं फुललेलीं हवींत, कारण स्वतःच्या परागानें झाड सहसा फळत नाहीं. पुढें जें बोंड धरतें तें वाळलेलें असेपर्यंत घट्ट मिटलेलें राहतें. पावसाचे थेंब पडले कीं कांहीं मिनिटांतच त्याच्या पाकळ्या उघडतात व मागून येणाऱ्या थेंबांच्या माऱ्यानें बारीक बीं उडून भोंवतीं पडतें. घरीं बीं काढावयाचें असलें म्हणजे हौशी माणूस बोंडावर पाण्याचे दोन थेंब सोडतो आणि तें उघडतांना पाहत बसतो.