रामशास्त्र्यांचा राजीनामा व न्यायाधीशांची नेमणूक

नारायणराव पेशव्यांचा ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत वध झाला. ह्या कृत्यास देहान्तावांचून अन्य प्रायश्चित्त नाहीं, असें रघुनाथरावांस सांगून रामशास्त्री प्रभुणे ह्यांनीं पुणें सोडलें, ही परंपरेनें चालत आलेली हकीकत वाचकांस परिचित आहेच. तींत शास्त्रीबोवांची निःस्पृहता दिसते. परंतु तत्कालीन न्यायसंस्थेच्या घडणीविषयीं ती काय सांगते, तें आम्हांस येथें पाहावयाचें आहे.

गांवचा तंटा प्रथम गोतसभेपुढें वा पंचायतीपुढें जाई. तेथें समाधान न झाल्यास मामलेदार, सरसुभेदार व अखेर हुजूर, असा क्रम असे. पुण्याचा न्यायाधीश ह्या क्रमाच्या शिखरीं खरा. पण त्यास नेमणारा पेशवा व निवाडा अमलांत आणणाराहि पेशवाच. आरोप खुद्द पेशव्यावर आला तेव्हां न्यायाधीशापाशीं आसन सोडण्यावांचून उपाय उरला नाहीं. पुढें नाना फडणिसांच्या कारभारांत शास्त्रीबोवा त्या पदावर परत आले व १७८९ त निवर्तले. ही उणीव मात्र तशीच राहिली.

इंग्रजी अमलांत १८६१ च्या कायद्यान्वयें मुंबईचें हायकोर्ट १८६२ त स्थापन झालें. न्यायाधीशांपैकीं निदान एक तृतीयांश बॅरिस्टर व एक तृतीयांश सनदी नोकर असावे, असें त्या कायद्यांत बंधन होतें. कोणास नेमावें ह्यास नियम आला. पद मात्र राणीच्या मर्जीवरच अवलंबून राहिलें.

१९५० च्या राज्यघटनेनें सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशास पासष्ट वर्षें वयापर्यंत स्थैर्य दिलें. संसदेच्या विशेष बहुमतावांचून त्यास दूर करतां येऊं नये, असें ठरविलें. तरीहि एप्रिल १९७३ मध्यें शेलत, हेगडे व ग्रोव्हर ह्या तिघां ज्येष्ठ न्यायाधीशांस डावलून रे ह्यांस सरन्यायाधीश नेमण्यांत आलें, तेव्हां त्या तिघांनींहि राजीनामेच दिले. पदावरून काढण्यास घटनेनें आळा घातला होता. नेमणुकीस तसा आळा नव्हता. १९९३ च्या निकालानें निवडीचीं सूत्रें सरन्यायाधीश व त्यांचे ज्येष्ठ सहकारी ह्यांच्या हातीं गेलीं. संसदेनें २०१४ त योजिलेला नियुक्ति-आयोग न्यायालयानें २०१५ त चार विरुद्ध एक मतानें रद्द ठरविला.

ह्यायोगें सत्ताधाऱ्याच्या मर्जीस बराच पायबंद बसला, हें मान्य केलेंच पाहिजे. परंतु न्यायाधीशांनींच न्यायाधीश निवडावे व त्या निवडीचीं कारणें लोकांस पुरतीं कळूं नयेत, हीहि घडण निर्दोष म्हणतां येत नाहीं. आमच्या मतें नेमणूक कोणीहि करो. एकास घेतला व दुसऱ्यास वगळला तो कां, हें लिहून दफ्तरीं राहावें व लोकांस पाहतां यावें. अन्यायास विरोध करण्यासाठीं न्यायाधीशास आपलें आसनच सोडावें लागूं नये, एवढी तजवीज झाली म्हणजे रामशास्त्र्यांच्या उदाहरणाचा खरा उपयोग झाला असें आम्ही समजूं.