हळदीची मालकी कुणाची?

 

विळीवर बोट कापलं की आपला हात आधी हळदीच्या डब्याकडे जातो. मुका मार लागला तर आपण आंबेहळद उगाळून लेप देतो. खोकला झाला तर हळद घातलेलं गरम दूध देतो. हे कुणी शाळेत शिकवलं नाही. आईचं, सासूचं पाहून आपण शिकलो. पण याच चिमूटभर हळदीसाठी आपल्या देशाला अमेरिकेत दाद मागावी लागली होती. आज ती गोष्ट ऐकू.

मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला एक पेटंट मिळालं. पेटंट म्हणजे नव्या शोधावर ठरावीक वर्षांसाठी मिळणारा हक्क. आणि शोध कोणता, तर जखम भरण्यासाठी हळद वापरणं! हा हक्क अमेरिकेपुरता होता, आपल्या घरात येऊन कुणी हळद अडवणार नव्हतं. पण आजीकडून आलेलं ज्ञान तिथे दुसऱ्याच्या नावावर 'नवं' म्हणून चढलं होतं.

आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनं १९९६ च्या ऑक्टोबरात त्याला हरकत घेतली. परिषदेचे प्रमुख होते डॉ. रघुनाथ माशेलकर. मूळचे गोव्यातल्या माशेलचे. वडील लवकर गेले, आईनं कष्ट करून त्यांना शिकवलं.

अडचण वेगळीच होती. 'आमच्याकडे घरोघरी हेच करतात' एवढं सांगून तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात भागत नव्हतं. परदेशातली गोष्ट असेल तर छापील पुरावा हवा. मग संस्कृत, हिंदी, उर्दू ग्रंथ धुंडाळले. १९५३ साली भारतीय वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात छापलेला लेखही सापडला. असे ३२ दाखले दिले, तेव्हा ऑगस्ट १९९७ मध्ये पेटंट कार्यालयानं ते सगळे दावे फेटाळले.

म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या हळद लावली बायांनी, पण कामी आला तो कागद. जे लिहिलेलं नव्हतं, त्याला तिथे किंमत नव्हती.

यातून देश शहाणा झाला. २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचा संगणकीय संग्रह सुरू झाला. २००२ मध्ये जैवविविधता कायदा झाला. त्यानुसार गावोगावी जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिनं लोकांच्या मदतीनं 'लोक जैवविविधता नोंदवही' तयार करायची असते. आपल्या ग्रामपंचायतीत ती वही आहे का, तिच्यात बायांनी सांगितलेलं काही उतरलंय का, हे गटानं जाऊन विचारावं. गावातल्या म्हाताऱ्या आहेत तोवरच हे काम होईल.

जाता जाता एक सांगते. किरकोळ खरचटण्याला हळद ठीक, पण जखम आधी स्वच्छ पाण्यानं धुवा. खोल जखम, गंजका खिळा किंवा कुत्र्याचा चावा असेल तर हळद दाबत बसू नका. साबणानं, वाहत्या पाण्यानं धुऊन थेट आरोग्य केंद्र गाठा, तिथे इंजेक्शन लागतं. बाळाच्या नाळेवर काहीच लावू नका. आणि हळद शक्यतो अख्खी घेऊन दळून आणा, कारण पिवळेपणासाठी काही ठिकाणी शिशाचा रंग मिसळतात आणि तो लेकरांच्या मेंदूला घातक असतो.

पुढच्या बैठकीत एक वही न्या. पहिल्या पानावर तुमच्या घरातली हळद लिहा, आणि ती कुणी शिकवली तिचं नावही.