घरी काडतूस रीलोड करता येतं का? व्हिडिओतली मशिनं आणि भारतातला कायदा

टेबलावर छोटं प्रेस मशीन, शेजारी डिजिटल काटा, आणि एकेक काडतूस तयार होऊन ट्रेमध्ये पडतंय, असे अमेरिकेतले व्हिडिओ तुमच्याही फीडमध्ये आले असतील. "हे आपल्याकडे मागवता येईल का?" हा प्रश्न कमेंटमध्ये हमखास दिसतो. तर हा प्रकार नीट समजून घेऊ.

रीलोडिंग म्हणजे काय?

काडतुसाचे चार भाग असतात: पितळी पुंगळी, टोपी म्हणजेच प्रायमर, दारू आणि पुढची गोळी. बार झाल्यावर टोपी, दारू आणि गोळी संपते, पुंगळी मात्र उरते. ती पुन्हा आकारात आणून भरणं म्हणजे रीलोडिंग. प्रेस आणि डाय पुंगळीला आकार देतात, काटा दारू मोजतो. खर्च वाचतो आणि प्रत्येक काडतूस सारखं बनतं, म्हणून तिकडचे नेमबाज हे करतात. पण दारू जास्त पडली तर बंदूक हातातच फुटू शकते.

भारतात कायदा काय सांगतो?

• शस्त्र अधिनियम 1959 च्या व्याख्येनुसार दारूगोळ्याचे सुटे भाग आणि दारूगोळा बनवण्याची यंत्रसामग्रीसुद्धा 'दारूगोळा'च आहे. म्हणजे मशीन "नुसतं मशीन" राहत नाही.
• कलम 5 प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही. परदेशातून मागवायलाही परवाना लागतो.
• 2019 च्या दुरुस्तीनंतर बेकायदा निर्मितीला किमान 7 वर्षं ते जन्मठेप अशी शिक्षा आहे.

व्हिडिओ बघणं गुन्हा नाही. पण पार्सल मागवलं तर ते महागात पडू शकतं. घरात परवान्याची बंदूक असेल, तर काडतुसं परवानाधारक दुकानातूनच घ्या. पुंगळीच्या बुडावर 'केएफ' अक्षरं दिसली, तर ते पुण्याच्या खडकी दारूगोळा कारखान्याचं चिन्ह आहे.

नगरकरांनी हे नक्की वाचा

अहिल्यानगर (अहमदनगर) हे लष्कराचं मोठं केंद्र. जवळच खारे कर्जुने परिसरात लष्कराची के. के. रेंज आहे आणि तिथे तोफा-रणगाड्यांचा सराव चालतो. भंगारातल्या पितळ-तांब्यासाठी न फुटलेले गोळे उचलून उघडताना इथे माणसं दगावली आहेत. गंजलेला गोळासुद्धा जिवंत असू शकतो. म्हणून असं काही दिसलं तर:

1. हात लावू नका, हलवू नका. रील किंवा फोटोसाठीही जवळ जाऊ नका.
2. आलात त्याच वाटेने मागे फिरा आणि इतरांनाही लांब थांबवा.
3. दूर गेल्यावर 112 ला फोन करून जागा सांगा. मॅपवरचं लोकेशन पाठवता आलं तर उत्तमच.

नेमबाजीच करायची असेल तर?

कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकलं. या प्रकारात .22 ची रिमफायर काडतुसं वापरतात. त्यांचा स्फोटक मसाला बुडाच्या कडेतच असतो, त्यामुळे ती सहसा रीलोड होतच नाहीत. मोठे नेमबाज वेगवेगळ्या लॉटची तयार काडतुसं झाडून बघतात आणि आपल्या रायफलला जुळणारा लॉट निवडतात.

नवख्यांसाठी 10 मीटर एअर रायफल किंवा पिस्तूल बरं. यात दारू नाही, फक्त दाबलेली हवा आणि शिशाचा छर्रा. 4.5 मिमीपर्यंत बोअर आणि 20 ज्यूलपर्यंत ताकद असलेल्या एअरगनला परवाना लागत नाही. घेण्याआधी एवढं बघा:

• आधी क्लबची रायफल वापरा, मगच स्वतःची घ्या.
• दोन-तीन प्रकारचे छर्रे झाडून बघा, ज्याची छिद्रं जवळजवळ पडतात तो आपला.
• हवेच्या सिलिंडरवरची मुदत तपासा, मुदत संपलेला भरू नका.
• पक्षी-प्राण्यांवर नेम धरू नका. वन्यजीवांची शिकार हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे.

थोडक्यात, घरी रीलोडिंगचा नाद नको. नेम सुधारायचा असेल तर जवळची शूटिंग रेंज गाठा. आणि रेंजजवळच्या गावात कुणी मित्र राहत असेल, तर वरच्या तीन सूचना त्याला आजच फॉरवर्ड करा.