पाऊल आणि कागद : नृत्यातील ‘ऑनर्स’चा इतिहास

अमेरिकेतील एखाद्या विद्यापीठात नृत्य हा मुख्य विषय घेतलेला विद्यार्थी पदवीच्या चौथ्या वर्षात येतो, तेव्हा त्याच्यापुढे सहसा दोन वाटा असतात. नेमलेला अभ्यासक्रम पुरा करून सरळ पदवी घेता येते. किंवा ‘ऑनर्स’साठी अर्ज करून वर्षभराचा प्रकल्प अंगावर घेता येतो. नियम विद्यापीठागणिक बदलतात, साचा मात्र बहुधा एकच. आधीच्या वर्षांतील गुण पुरेसे असावे लागतात. प्रकल्पाची रूपरेषा विभागाकडून मान्य करून घ्यावी लागते. मग विद्यार्थी स्वतःची नृत्यरचना बांधतो, सहाध्यायांतून नर्तक निवडतो, महिनोन्महिने तालमी घेतो आणि एका संध्याकाळी ती रचना रंगमंचावर येते. एवढ्यावर भागत नाही. रचनेमागील विचार मांडणारा निबंध लिहून परीक्षकांच्या समितीपुढे त्याचे समर्थनही त्याला करावे लागते.

ही शेवटची अट आम्हांला विचार करण्याजोगी वाटते. जे नाचून दाखविले ते पुन्हा लिहून का द्यावयाचे? प्रश्न वरवर परीक्षापद्धतीचा आहे. परंतु ज्ञान कशाला म्हणावे, हा जुना वाद त्याच्या मुळाशी आहे, आणि साहित्याच्या अभ्यासकांना तो परका नाही.

या संदर्भात १९२२ हे साल लक्षणीय आहे. त्या वर्षी अमेरिकेत परस्परांशी संबंध नसलेल्या दोन गोष्टी घडल्या. स्वार्थमोर महाविद्यालयाचे अध्यक्ष फ्रँक एडेलॉट यांनी तेथे ‘ऑनर्स’चा अभ्यासक्रम सुरू केला. एडेलॉट स्वतः ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला शिकलेले होते. हुशार विद्यार्थ्याला तासिकांच्या चाकोरीतून मोकळे करावे, छोट्या गटात स्वतंत्र अभ्यास करू द्यावा आणि त्याची परीक्षा बाहेरच्या परीक्षकांनी घ्यावी, ही कल्पना त्यांनी तिकडून आणली. त्याच वर्षी आयोवा विद्यापीठाने पदव्युत्तर पदवीसाठी सर्जनशील कृतीही प्रबंध म्हणून स्वीकारली जाईल, असे जाहीर केले. पुढे पॉल एंगल यांचा कवितासंग्रह याच वाटेने पदवीस पात्र ठरला आणि १९३२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्धही झाला. नृत्यातील आजचा ‘ऑनर्स’ प्रकल्प पाहताना या दोन्ही कल्पना त्यात एकत्र आल्याचे जाणवते. स्वतंत्र अभ्यासाचा सन्मान ही त्यांपैकी एक. कलाकृतीला प्रबंधाचा दर्जा ही दुसरी.

मात्र कवितेला विद्यापीठात शिरताना एक सोय होती. कविता कागदावरच असते. तिची प्रत ग्रंथालयात ठेवता येते, परीक्षकाला दोनदा वाचता येते. नृत्य पडदा पडताच संपते. म्हणून त्याला विद्यापीठात आपल्या नावाने नव्हे, तर दुसऱ्याचा हात धरून प्रवेश करावा लागला.

तो प्रवेश विस्कॉन्सिन विद्यापीठात झाला. मार्गारेट हडोब्लर या तेथीलच पदवीधर. त्यांचा विषय जीवशास्त्र होता, आणि विद्यार्थिनींच्या शारीरिक शिक्षण विभागात त्या बास्केटबॉल शिकवीत. १९१६ साली त्या पुढील शिक्षणासाठी न्यूयॉर्कला निघाल्या, तेव्हा महाविद्यालयीन मुलीच्या वेळेचे चीज होईल असे काही नृत्य तेथे आढळते का ते पाहा, अशी कामगिरी विभागप्रमुख ब्लँच ट्रिलिंग यांनी त्यांच्यावर सोपविली. तेथील नृत्यशाळांतील घोटीव अनुकरण त्यांना रुचले नाही. १९१७ मध्ये परत येऊन त्यांनी जे शिकविणे सुरू केले, त्यात शिक्षिका स्वतः नाचून दाखवीत नसे. विद्यार्थिनी जमिनीवर आडव्या होत. वर्गात मानवी सांगाडा असे. सांधा कसा वळतो, वजन कोठे सरकते, हे प्रत्येकीने आपल्या शरीरात शोधावयाचे. १९२६ साली विस्कॉन्सिनमध्ये नृत्य हा पदवीचा मुख्य विषय झाला. अमेरिकेतील तो पहिलाच.

परंतु तो झाला शारीरिक शिक्षणाच्या छपराखाली. शरीरशास्त्र आणि शिक्षणशास्त्र यांच्या भाषेत नृत्याचे समर्थन करावे लागले. १९३२ साली उघडलेल्या बेनिंग्टन महाविद्यालयात मार्था हिल यांनी त्याला कलांच्या पंक्तीत बसविले, आणि १९३४ पासून तेथील उन्हाळी वर्गांत मार्था ग्रॅहम, डोरिस हम्फ्री, चार्ल्स वाइडमन व हान्या होल्म यांच्यासारखे रचनाकार शिकवू लागले. तरीही अनेक विद्यापीठांत नृत्याचा तास व्यायामशाळेतच राहिला. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात आल्मा हॉकिन्स यांनी ललितकलांच्या महाविद्यालयात नृत्याचा स्वतंत्र विभाग उभा केला, तो १९६२ मध्ये.

दरम्यान कागदाची उणीव भरून काढण्याचे प्रयत्न चालूच होते. रुडॉल्फ लाबान यांनी १९२८ साली नृत्यलिपी प्रसिद्ध केली. १९४० मध्ये न्यूयॉर्कला तिच्या प्रसारासाठी संस्था निघाली. १९५२ साली हान्या होल्म यांच्या एका संगीतिकेतील नृत्यरचनेची या लिपीत लिहिलेली संहिता अमेरिकेच्या स्वामित्वहक्क कार्यालयात नोंदली गेली. नृत्यरचनेचा स्वतंत्र उल्लेख तेथील कायद्यात आला १९७६ मध्ये, आणि तोही ती कोठेतरी नोंदलेली असावी या अटीसह. विद्यापीठाप्रमाणे कायद्यालाही पाऊल दिसण्यासाठी कागद किंवा फीत लागली.

हा इतिहास ध्यानात घेतला म्हणजे ‘ऑनर्स’च्या निबंधाकडे दोन दृष्टींनी पाहता येते. एका दृष्टीने तो दारावरचा पथकर आहे : कलेने दुसऱ्याच्या भाषेत केलेला आर्जव. रचना झाल्यावर घाईने जुळविलेल्या, सिद्धान्तांची नावे पेरलेल्या निबंधांना हा आक्षेप लागू पडतो. त्यांनी नृत्य वाढत नाही आणि लेखनही सुधारत नाही. परंतु दुसरी बाजू हडोब्लर यांच्याच उदाहरणात आहे. त्यांनी ग्रंथ लिहिले ते नृत्याला प्रतिष्ठा मिळावी म्हणून तर खरेच. पण आधी त्यांना एक प्रश्न पडला होता, आणि त्याचा शोध त्यांनी जमिनीवर पडून, सांधे वळवून घेतला होता. लेखन त्या शोधाचा पुढचा टप्पा होते. निबंध मागावयाचा तो या अर्थाने, असे आमचे मत आहे. तालमीत काय फसले, कोणती हालचाल का गाळली, प्रश्न कोठे बदलला, याचा हिशेब नर्तकाखेरीज कोणीच देऊ शकत नाही. प्रेक्षकाला तर तो दिसतही नाही.

आपल्याकडील अरंगेत्रमशी तुलना केल्यास मुद्दा स्पष्ट व्हावा. अरंगेत्रमध्ये शिष्याने परंपरेने दिलेला मार्ग किती आत्मसात केला, हे पाहिले जाते. ‘ऑनर्स’ प्रकल्पात विद्यार्थ्याने स्वतःला कोणता प्रश्न विचारला, हे पाहिले जाते. दोन्ही कसोट्या कठीण आहेत. एकीने दुसरीची जागा घेऊ नये.

ही तुलना आता केवळ विद्वत्तेची हौस राहिलेली नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के वा अधिक गुण मिळविणाऱ्याला चौथ्या वर्षी संशोधनासह ‘ऑनर्स’ची वाट खुली झाली आहे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात आणि पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नृत्याचे पदवीशिक्षण रुजलेले आहे. तेथील एखादी विद्यार्थिनी उद्या नवी रचना घेऊन समितीपुढे उभी राहील. तिच्याकडून केवळ संदर्भांनी भरलेली शंभर पाने मागितली, तर विस्कॉन्सिनने १९२६ साली ओलांडलेला उंबरठा आपण पुन्हा बांधू. काहीच लेखन मागितले नाही, तर तिने वर्षभर जे शोधले ते पडद्याबरोबर विरून जाईल. समितीने आधी नृत्य पाहावे, मग पाने उघडावीत; आणि पाहताना जे कळले नव्हते ते वाचून कळले का, एवढे स्वतःला विचारावे. अशा समित्यांवर साहित्याचे अध्यापकही बसतील. कवितेवर लिहिणे म्हणजे कविता गद्यात सांगणे नव्हे, हे त्यांना कोणी वेगळे शिकवावयास नको.