आल्फामाची घरे आणि वाटसरू

लिस्बन नगरीत तेजु नदीच्या काठापासून सांव जॉर्जच्या किल्ल्याकडे चढत गेलेली आल्फामा ही त्या शहरातील अतिप्राचीन वस्त्यांपैकी एक होय. १ नोव्हेंबर १७५५ च्या महाभूकंपात नदीकाठचे सखल शहर जमीनदोस्त झाले आणि मार्केस द पोंबाल याने ते काटकोनी रस्त्यांचे असे नव्याने वसविले. टेकडीवरील आल्फामा मात्र बव्हंशी तगून राहिली. अरुंद बोळ, पायऱ्यापायऱ्यांच्या वाटा, एकमेकांस खेटून उभी असलेली लहान घरे आणि त्यांतून राहणारी कोळी, गोदीकामगार व मासे विकणाऱ्या स्त्रियांची कुटुंबे, असे तिचे रूप पिढ्यान्‌पिढ्या टिकले. भूकंपाने जी वस्ती उठविली नाही, ती विसाव्या शतकानंतर प्रवाशांच्या वर्दळीने उठू लागली. त्या वर्दळीस कायद्याने आवर घालण्याच्या प्रयत्नांचा इतिहास पोर्तुगालच्या बाहेरही अभ्यासण्याजोगा आहे. आणि गोमंतकीय वाचकास तर त्यातील पुष्कळसे शब्द ओळखीचेच वाटतील.

या इतिहासाचा आरंभ प्रवाशांपासून न करता भाडेकरूंपासून केला पाहिजे. प्रजासत्ताक स्थापन होताच नोव्हेंबर १९१० मध्ये शहरी भाड्यांविषयीचा हुकूम निघाला व महायुद्धाच्या काळात भाडी गोठविण्यात आली. पुढे १९४८ च्या कायद्याने इतरत्र भाड्यांची फेरआकारणी करण्यास मुभा दिली, पण लिस्बन व पोर्तु ही दोन शहरे त्यातून वगळली. १९७४ च्या क्रांतीनंतर तर हा गोठा सर्व देशभर पसरला. परिणाम दुहेरी झाला. गरीब कुटुंबास शहराच्या मध्यभागी आयुष्यभर हक्काचे छप्पर मिळाले. परंतु मालकाच्या हाती पडणारी रक्कम इतकी क्षुल्लक की त्या छपराची कौले बदलण्याचीही त्यास इच्छा उरली नाही. गोव्यात १९६८ चा इमारत भाडे नियंत्रण कायदा आणि १९७५ चा मुंडकार संरक्षण कायदा यांचा अनुभव असलेल्यांना मालक-भाडेकरूंमधील हा ताण समजावून सांगण्याची गरज नाही.

प्रवाशास घरातील खोली देण्याची चाल पोर्तुगालात नवी नव्हती. नाझारे या कोळ्यांच्या गावी उन्हाळ्यात स्त्रिया हाती फलक घेऊन रस्त्याच्या कडेला बसत. त्यावर पोर्तुगेज, फ्रेंच, इंग्रजी व जर्मन भाषांत ‘खोल्या’ एवढाच मजकूर असे. हंगाम संपला की खोली पुन्हा घरच्यांची. आपल्याकडे देवस्थानच्या अग्रशाळेत उतरणारा कुळावी जत्रा आटोपून परततो. त्याची खोली कोणाचे राहते घर मोडून केलेली नसते. पाहुणचार आणि धंदा यांतील सीमारेषा येथे आहे, आणि पुढील सर्व कायदे ही रेषा कोठे ओढावी याच प्रश्नाभोवती घोटाळत राहिले.

मार्च २००८ च्या देक्रेतुने हॉटेलांचे नवे वर्गीकरण केले आणि त्यात न बसणाऱ्या घरांकरिता ‘आलोजामेंतु लोकाल’, म्हणजे स्थानिक निवास, हा वर्ग निर्माण केला. हेतू सरळ होता: जे चोरून चालते ते दप्तरी यावे. परंतु काळ झपाट्याने बदलला. २०११ साली पोर्तुगालला ७८ अब्ज युरोंचे कर्ज घ्यावे लागले व ऋणको देशावर धनकोंनी भाडेकायद्यात सुधारणा करण्याची अट घातली. त्यानुसार २०१२ च्या कायद्याने जुने करार सैल केले. पासष्टी उलटलेल्यांना व अपंगांना काही संरक्षण राहिले, ते पुरते नव्हते. त्याच सुमारास घरबसल्या जगभरातील गिऱ्हाईक मिळवून देणारी संकेतस्थळे आली. जी खोली भाडेकरूस महिन्यासाठी द्यायची ती आठवड्याच्या हिशेबाने प्रवाशास दिली तर मालकास कितीतरी अधिक मिळे. पडकी घरे दुरुस्त झाली, दर्शनी भिंतींवरील जुन्या आझुलेजु फरशा पुन्हा उजळल्या, ही या व्यवहाराची जमेची बाजू प्रांजळपणे नोंदविली पाहिजे.

ऑगस्ट २०१४ च्या देक्रेतुने या धंद्यास स्वतंत्र कायदा दिला. कमाल ९ खोल्या व ३० माणसे, तक्रारवही अनिवार्य, आणि नोंदणीसाठी कामारास केवळ कळविणे पुरेसे. ज्यांनी पूर्वी एका आल्वारासाठी कामाराच्या जिन्यावर दिवसेंदिवस हेलपाटे घातले त्यांना हे सुलभीकरण स्वर्गीय वाटावे. पण नोंद म्हणजे नियमन नव्हे. नोंदवहीत क्रमांक चढत गेले, आणि क्रमांक नाकारण्याचा अधिकार मात्र नोंद करणाऱ्यास नव्हता.

या कालखंडाशी गोमंतकाचा एक धागा जुळतो. २००७ ते २०१५ या काळात लिस्बनचे नगराध्यक्ष असलेले आंतोनिओ कोश्ता हे मडगावशी नाते असलेल्या लेखक ओर्लांदो द कोश्ता यांचे पुत्र. मोउरारिया या जुन्या वस्तीलगतचा इंतेंदेंतचा बदनाम चौक सुधारावा म्हणून त्यांनी २०११ साली आपले कार्यालयच तेथे हलविले. चौक सुधारला, मागोमाग घरांच्या किमतीही वर गेल्या. नोव्हेंबर २०१५ मध्ये ते पंतप्रधान झाले, आणि ज्या व्यवहाराची वाढ त्यांनी नगराध्यक्ष म्हणून पाहिली त्यास वेसण घालण्याचे काम त्यांच्याच सरकारच्या वाट्यास आले.

ऑगस्ट २०१८ च्या कायद्याने प्रथमच कामारास वस्तीनिहाय मर्यादा घालण्याचा अधिकार दिला. एकाच इमारतीतील सहमालकांना वारंवार उपद्रव होत असल्यास बहुमताने विरोध नोंदविता येऊ लागला, आणि सामायिक खर्चात अशा घराकडून ३० टक्क्यांपर्यंत जादा वर्गणी घेण्याची मुभा मिळाली. कायदा अमलात येण्यापूर्वी मालकांनी नोंदणीसाठी घाई केली, हे मनुष्यस्वभावास धरूनच झाले. नोव्हेंबरमध्ये लिस्बनने बाइरु आल्तु, माद्रागोआ, कास्तेलु, आल्फामा व मोउरारिया येथे नव्या नोंदण्या थांबविल्या. २०१९ च्या नियमावलीत प्रमाण ठरले: राहत्या घरांच्या तुलनेत अशी निवासगृहे २० टक्क्यांवर गेली तर पूर्ण बंदी, १० ते २० टक्क्यांत अंशतः बंदी. पण तोवर उशीर झाला होता. ज्या सांता मारिया मायोर प्रभागात आल्फामा मोडते तेथील लोकसंख्या २०११ च्या शिरगणतीत सुमारे १३ हजार होती, ती २०२१ मध्ये सुमारे १० हजारांवर आली. १२ जूनच्या रात्री, सांतु आंतोनिओच्या उत्सवात, आल्फामाच्या मिरवणुकीत नाचणाऱ्यांपैकी कित्येक आता दूरच्या उपनगरांतून येतात. महाजन कुटुंबांनाही मूळ गावी केवळ जत्रेपुरते जाण्याचा अनुभव आहे, परंतु त्यांतील बहुतेकांनी गाव आपखुशीने सोडला. आल्फामातील म्हाताऱ्या भाडेकरणीस ती निवड मिळाली नव्हती.

मार्च २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की सहमालकीच्या इमारतीत निवासासाठी म्हणून नोंदलेल्या घरात असा धंदा चालविता येत नाही. ऑक्टोबर २०२३ च्या कायद्याने किनारी व दाट वस्तीच्या भागांत सदनिकांच्या नव्या नोंदण्या थांबविल्या, १५ टक्क्यांची विशेष पट्टी बसविली व जुन्या नोंदण्यांना २०३० ही मुदत घातली. वर्ष उलटते न उलटते तोच सत्तांतर झाले. २०२४ मध्ये नव्या सरकारने पट्टी रद्द केली, मुदत काढून टाकली, न्यायालयाच्या निर्णयाचा मार्गही नव्या शब्दयोजनेने वळविला आणि मर्यादा घालण्याचा प्रश्न पुन्हा कामारांकडे सोपविला. पाच-सहा वर्षांत इतक्या वेळा फिरलेल्या कायद्यावर मालक विश्वास ठेवीत नाही आणि भाडेकरूही नाही. राहत्या इमारतींतून हा धंदा हटविण्याविषयी लिस्बनमधील नागरिकांनी सह्या गोळा करून स्थानिक सार्वमताची मागणी केली. नगरसभेने ती पुढे पाठविली, पण जानेवारी २०२५ मध्ये घटना न्यायालयाने ती नामंजूर केली.

इतर शहरे अधिक कठोर निघाली. न्यूयॉर्कने सप्टेंबर २०२३ पासून यजमान स्वतः घरी हजर असल्याखेरीज तीस दिवसांहून कमी मुदतीचा पाहुणा ठेवण्यास मनाई केली. बार्सेलोनाने १०,१०१ परवाने नोव्हेंबर २०२८ नंतर न वाढविण्याचे २०२४ साली जाहीर केले. गोव्यात १९८२ चा पर्यटन व्यवसाय नोंदणी कायदा आहे. तोही मुख्यतः नोंदीचाच. आल्फामातील दारांवर ‘एएल’ अक्षरांच्या लहान पाट्या आहेत, आणि काही बोळांतून सलग तीन-चार दारांवर त्या दिसतात.